स्वाक्षरीपूर्वीचा अवकाश : भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या जबाबदारीचा विचार

भारतीय राज्यघटनेच्या साठाव्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी घ्यावयाच्या शपथेचा मजकूर दिलेला आहे. केंद्रीय मंत्री आणि संसद-सदस्य घटनेविषयी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपतींची शपथ याहून निराळी आहे. घटनेचे व कायद्याचे जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची, तसेच जनतेच्या सेवेस व कल्याणास स्वतःला वाहून घेण्याची ती शपथ आहे. शपथ इतकी जड असताना तिच्या पूर्तीसाठी हाती दिलेली साधने मात्र फारच थोडी आहेत. त्रेपन्नावा अनुच्छेद संघराज्याची सारी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवतो आणि चौऱ्याहत्तरावा अनुच्छेद ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशी बांधून टाकतो. सही राष्ट्रपतींची, निर्णय मंत्रिमंडळाचा, अशी ही व्यवस्था होय. अखेरीस सही करावयाचीच असेल, तर सही करणाऱ्यावर जबाबदारी ती कोणती, हा प्रश्न म्हणूनच केवळ कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता राहत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पद अमेरिकेच्या अध्यक्षासारखे नसून इंग्लंडच्या राजासारखे असल्याचे स्पष्ट केले होते. राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख होत, शासनाचे नव्हेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मराठी वाचकाला येथे साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावयाची आणि कारभार पुण्यातून चालावयाचा. परंतु ही तुलना फार ताणता येत नाही. उत्तरकालीन छत्रपतींना पेशव्याच्या निर्णयाचे कारण विचारण्याचा हक्क कोणत्याही लेखी घटनेने दिलेला नव्हता. राष्ट्रपतींना तो आहे. अठ्ठ्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळाचे सर्व निर्णय राष्ट्रपतींना कळविणे, त्यांनी मागितलेली माहिती पुरविणे, आणि एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय त्यांनी सांगितल्यास मंत्रिमंडळापुढे ठेवणे, ही प्रधानमंत्र्यांची कर्तव्ये आहेत. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण येथे उलटी झाली आहे, हे खरे. पण हलण्यापूर्वी दळास प्रश्न विचारण्याची मुभा या राजास आहे. कागद येणे आणि त्यावर सही होणे यांमधील त्या अवकाशातच राष्ट्रपतिपदाची खरी जबाबदारी साठलेली आहे.

मूळ घटनेत राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढेच म्हटले होते. तो सल्ला बंधनकारक आहे असे शब्दांत कोठेही नव्हते. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचे लक्ष या मौनाकडे लवकरच गेले. १९५१ साली हिंदू संहिता विधेयकाच्या प्रसंगी स्वतःच्या विवेकाने वागण्याची इच्छा त्यांनी पंडित नेहरूंना पत्राने कळविली. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच चालावे लागेल, असे दोघांनीही सांगितले. तरीही राजेंद्रबाबूंची शंका पुरती मावळली नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत भारतीय विधि संस्थेच्या समारंभात त्यांनी राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच मर्यादित आहेत काय, याचा विद्वानांनी अभ्यास करावा असे सुचविले. त्यांच्या या सूचनेने त्या वेळी बरेच वादळ उठले. आज मागे वळून पाहता, ज्या पदावर ते बसले होते त्याची सीमा तपासण्याचा त्यांचा यत्न अनुचित वाटत नाही; आणि मतभेद असूनही त्यांनी ती सीमा प्रत्यक्षात ओलांडली नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हा वाद मंत्रिमंडळाच्या बाजूने मिटविला.

वाद मिटल्यावर वर्षभराच्या आतच त्या निर्णयाची दुसरी बाजू उघडी पडली. २५ जून १९७५ च्या रात्री प्रधानमंत्री इंदिरा गांधी यांचे पत्र राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेले. अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेस धोका असल्याचे त्यात म्हटले होते. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेणे त्या रात्री शक्य नसल्याने कामकाज-नियमांतील बाराव्या नियमाखाली आपण त्यातून सूट घेत आहोत, आणि सकाळी मंत्रिमंडळास हे सांगितले जाईल, असेही प्रधानमंत्र्यांनी लिहिले होते. मध्यरात्रीच्या सुमारास उद्‌घोषणेवर सही झाली. २६ जूनच्या सकाळी सहा वाजता मंत्रिमंडळाची बैठक भरली, ती झालेल्या गोष्टीस संमती देण्यासाठी.

या घटनाक्रमाचे बारकाईने वाचन करणे आवश्यक आहे. राष्ट्रपतींना बांधील ठेवणारा सल्ला हा मंत्रिमंडळाचा. येथे तर मंत्रिमंडळाला काहीच ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट पत्रातच नमूद होती. जे मंत्री सकाळी सहाला जमू शकले, त्यांना रात्रीच बोलावता येणार नव्हते काय, एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. त्याने आणीबाणी टळली असती असे नव्हे. मंत्रिमंडळाने कदाचित मध्यरात्रीच होकार दिला असता. पण निर्णय कोणी, केव्हा आणि कोणासमक्ष घेतला, याची नोंद तरी राहिली असती. तो प्रश्न विचारला गेला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांच्या एका व्यंगचित्रात राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसून वटहुकुमावर सही करताना दाखविले होते. पुढे शेकडो पानांच्या चर्चेने जे सांगितले गेले ते त्या छोट्या चौकटीने आधीच सांगून टाकले होते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. जनता राजवटीत झालेल्या १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकले, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. बंधन तसेच राहिले. त्यास एक परंतुक जोडले गेले, ते असे की, सल्ल्याचा फेरविचार करावा असे राष्ट्रपती मंत्रिमंडळास सांगू शकतील, मात्र फेरविचारानंतर आलेला सल्ला त्यांना मानावाच लागेल. त्याच दुरुस्तीने आणीबाणीच्या उद्‌घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविला जाणे अनिवार्य केले. २५ जूनच्या रात्री जो प्रश्न विचारला गेला नाही, तो निदान आणीबाणीपुरता घटनेनेच कायमचा विचारून ठेवला.

फेरविचाराचा हा अधिकार एकदाच वापरावयाचा असल्याने त्याला किंमत कितीशी, अशी शंका घेतली जाते. के. आर. नारायणन यांच्या कारकिर्दीतील दोन प्रसंग तिचे उत्तर देतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी हाणामारी झाली. इंदरकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि नारायणन यांनी ती फेरविचारार्थ परत पाठविली. मंत्रिमंडळाने तिचा पाठपुरावा केला नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळाने बिहारसाठी केलेली शिफारसही अशीच परत गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा शिफारस करताच नारायणन यांनी ती मान्य केली. परंतु राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारला पुढच्याच महिन्यात ती राजवट मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा राष्ट्रपतींनी ‘नाही’ म्हटले नव्हते. त्यांनी ‘पुन्हा एकदा पाहा’ एवढेच म्हटले होते. पण तसे म्हणताच बंद दाराआडचा निर्णय लोकांपुढे आला, आणि त्याचे समर्थन करण्याची पाळी तो घेणाऱ्यांवर आली. सरकारे दोन निरनिराळ्या पक्षांची होती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आता याच्या उलट उदाहरण. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस झाली तेव्हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम मॉस्कोमध्ये होते. कागद तेथेच पाठविले गेले आणि रात्रीच सही झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाचे ताशेरे राज्यपाल आणि केंद्रीय मंत्रिमंडळ यांच्यावर होते. राष्ट्रपती आपल्या पदाच्या कामकाजाबद्दल कोणत्याही न्यायालयास उत्तर देण्यास बांधील नसतात. तरीही आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असे कलाम यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नमूद केले. न्यायालय ज्यांना दोष देत नाही अशा माणसाला राजीनामा द्यावासा वाटावा, यातच या पदाची अवघड बाजू दिसते. त्याच कलाम यांनी २००६ च्या मे महिन्यात लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेकडे परत पाठविले. कोणती पदे वगळावयाची याचे सर्वांना सारखे लागू पडणारे निकष असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. संसदेने विधेयक बदल न करता पुन्हा संमत केले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी त्यास अनुमती दिली.

बाराव्या नियमाची गाठ पुढे महाराष्ट्राशीही पडली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात लागू झालेली राष्ट्रपती राजवट २३ नोव्हेंबरच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठविण्यात आली, आणि सकाळी आठच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक आधी झाली नव्हती; प्रधानमंत्र्यांनी बाराव्या नियमाचा आधार घेतला होता. हे सरकार २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमके संविधान दिनी, पायउतार झाले. १९७५ आणि २०१९ यांची बरोबरी करणे गैर होईल. पहिल्या प्रसंगी नागरिकांचे हक्क गेले, दुसऱ्यात राजवट उठली. परंतु वाट तीच होती. लेखी निर्णयाची अट घटनेने आणीबाणीच्या उद्‌घोषणेला घातली आहे. राष्ट्रपती राजवट लावण्या-उठविण्याच्या बाबतीत ती नाही. तेथे प्रश्न विचारण्याचे काम अजूनही राष्ट्रपतिपदी असलेल्या व्यक्तीवरच सोपविलेले आहे.

लोकसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत नसते तेव्हा मात्र सल्ला देणारे मंत्रिमंडळच वादात असते आणि राष्ट्रपतींना स्वतः निवड करावी लागते. १९७९ साली नीलम संजीव रेड्डी यांनी चरणसिंग यांना पाचारण केले आणि लोकसभेला एकदाही सामोऱ्या न गेलेल्या त्या सरकारच्या सल्ल्याने सभागृह विसर्जित केले. त्यावरचा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९९८ मध्ये नारायणन यांनी पाठिंब्याची पत्रे मागितली, ही त्या मानाने सुरक्षित वाट होती.

प्रश्न विचारण्यासाठी दिलेला अवकाश हा थांबवून ठेवण्याचाही अवकाश ठरू शकतो. १९८६ साली संसदेने संमत केलेले टपाल दुरुस्ती विधेयक सरकारला लोकांची पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार देणारे होते. ग्यानी झैलसिंग यांनी त्यास अनुमती दिली नाही, नाकारलीही नाही, आणि ते परतही पाठविले नाही. विधेयक परत पाठवावयाचे तर ते शक्य तितक्या लवकर पाठवावे असे घटना म्हणते. दिवस सांगत नाही. १९९० मध्ये रामस्वामी वेंकटरामन यांनी ते परत पाठविले आणि ते कधीच कायदा झाले नाही. नागरिकाच्या दृष्टीने हे इष्टच झाले. पण मौनाने मिळालेले फळ चांगले निघाले म्हणून मौन हा घटनात्मक मार्ग ठरत नाही. उद्या तेच मौन एखाद्या राज्याच्या चांगल्या कायद्यावरही बसू शकते. राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असे ८ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी म्हटले, ते याच चिंतेतून. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी एकशे त्रेचाळिसाव्या अनुच्छेदाखाली न्यायालयाचाच अभिप्राय मागविला. अशी कालमर्यादा न्यायालयास घालता येत नाही, असे मत पाच न्यायाधीशांनी २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिले. घड्याळ पुन्हा राष्ट्रपती भवनातच परत आले.

विलंबाचा भार सर्वांत जड होतो तो दयेच्या अर्जांत. बहात्तराव्या अनुच्छेदाखालील हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरावयाचा असतो. तथापि सल्ला गृहखात्याकडून आला, तरी फाशीच्या कोठडीतला माणूस वाट पाहत असतो ती राष्ट्रपतींच्या सहीची. काही राष्ट्रपतींनी असे अर्ज झपाट्याने निकालात काढले, तर काहींच्या काळात ते वर्षानुवर्षे पडून राहिले. सही न करणे हीच जणू दया, अशी समजूत त्यामागे असावी. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत खोडून काढली. कारणाशिवाय लांबलेली प्रतीक्षा ही स्वतंत्र यातना होय, असे धरून आणि काहींच्या बाबतीत त्यांचा मानसिक आजार लक्षात घेऊन, न्यायालयाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. निर्णय देताना प्रत्येक कैद्याचा अर्ज कोणत्या दिवशी कोठे होता आणि तेथे किती काळ राहिला, याचा तारीखवार हिशेब त्या निकालपत्रात मांडलेला आहे.