कुत्रीचे खोटे गाभणपण : ओळख, उपाय आणि शस्त्रक्रियेचा निर्णय



मळ्यातल्या वस्तीवर राखणीला कुत्रे नाही असे घर क्वचितच सापडेल. रात्रीची राखण, कोंबड्या-करडांचे संरक्षण आणि परक्या माणसाची चाहूल ही कामे ते बिनबोभाट करते. परंतु गाई-म्हशींच्या माजाची नोंद ठेवणारे आपण कुत्रीच्या माजाकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. त्यामुळे पुढील प्रसंग अनेकांच्या वस्तीवर घडतो.

कुत्री माजावर येऊन दोन महिने झालेले असतात. तिचे सड भरतात, दाबल्यास दूध येते. ती गंजीच्या आडोशाला खड्डा उकरते, चिंध्या गोळा करते. घरातील मंडळी तिला बाळंतिणीप्रमाणे दूध-भाकरी, अंडी घालू लागतात. आठवडा जातो, पंधरवडा जातो, पण पिल्ले काही होत नाहीत. कुत्री मात्र एखादी जुनी चप्पल पोटाशी घेऊन बसते आणि जवळ येणाऱ्यावर गुरगुरते. कोणी म्हणते पिल्ले पोटात मेली, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. प्रत्यक्षात या कुत्रीला पिल्ले नसतातच. या अवस्थेला खोटे गाभणपण किंवा आभासी गर्भधारणा म्हणतात. ती समजून घेतली नाही तर दोन चुका होतात. एक म्हणजे साध्या गोष्टीवर नको ते औषध दिले जाते. दुसरी चूक अधिक महागाची आहे. गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीला गाभण समजून आपण वाट पाहत बसतो आणि चांगली कुत्री हातची जाते.

हे कशामुळे होते?

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. माजानंतर तिच्या बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतो व त्यातून प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकविणारे संप्रेरक स्रवते. गाय गाभण राहिली नाही तर सुमारे सतराव्या दिवशी गर्भाशयाकडून संदेश जातो, पीतपिंड आटतो व गाय पुन्हा माजावर येते.

कुत्रीमध्ये असा संदेश जात नाही. ती साधारणपणे सहा ते सात महिन्यांनी माजावर येते. हा माज सुमारे तीन आठवडे चालतो. पहिले सात ते दहा दिवस रक्तस्राव होतो, त्यानंतरच्या दिवसांत ती नराला जवळ येऊ देते. माज संपल्यावर तयार झालेले पीतपिंड, कुत्री गाभण असो वा नसो, जवळजवळ दोन महिने काम करीत राहतात. म्हणजे न फळलेल्या कुत्रीचे शरीरही दोन महिने गाभण असल्यासारखेच वागते. शेवटी प्रोजेस्टेरॉन कमी होऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध उतरविणारे संप्रेरक वाढते. त्यामुळे सड भरतात, दूध येते व आईपणाची वागणूक सुरू होते.

यावरून लक्षात येईल की खोटे गाभणपण हा मुळात आजार नाही. कळपात राहणाऱ्या रानकुत्र्यांच्या पूर्वजांत एका मादीची पिल्ले इतर माद्यांनाही पाजता यावीत म्हणून ही सोय राहिली असावी, असे मानले जाते. आपल्या कुत्रीत ही सोय अडचण होऊन बसते, एवढेच.

लक्षणे

माजानंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या काळात पुढील लक्षणे दिसतात :

१) सड व स्तनग्रंथी फुगणे, पाण्यासारखा स्राव किंवा दूध येणे.
२) जागा उकरणे, चिंध्या-गवत गोळा करून बसण्याची जागा करणे.
३) चप्पल, बाहुली, कोंबडीचे किंवा मांजराचे पिल्लू आपलेच समजून सांभाळणे.
४) खाणे कमी होणे, बेचैनी, कण्हणे, फिरायला न जाणे.
५) एरवी गरीब असलेली कुत्री चिडखोर होणे. या दिवसांत लहान मुलांना तिच्या जवळ एकटे सोडू नये.
६) क्वचित पोट थोडे मोठे दिसणे.

सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतील असे नाही. बहुतेक कुत्र्यांमध्ये ती दोन ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरतात. एकदा असे झालेल्या कुत्रीत पुढच्या माजानंतरही ते पुन्हा होण्याचा संभव असतो.

खरे की खोटे, हे कसे ठरवावे?

यासाठी पहिले साधन म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. रक्तस्राव दिसला तो दिवस, आणि नर लागल्याचे पाहिले असल्यास तो दिवस लिहून ठेवावा. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. परंतु मळ्यात मोकळी फिरणारी कुत्री रात्री कोठे गेली हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून केवळ आपण पाहिले नाही यावर विसंबू नये.

पशुवैद्यक सुमारे चार आठवड्यांचा गर्भ पोट चाचपून ओळखू शकतात. साधारण पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत गर्भ व त्याच्या हृदयाचे ठोके दिसतात. पन्नास दिवसांनंतर क्ष-किरण छायाचित्रात पिल्लांची हाडे दिसतात. रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून मात्र उपयोग होत नाही, कारण ते दोन्ही अवस्थांत वाढलेलेच असते.

सावधान! गर्भाशयातील पू

माजानंतरच्या याच दोन-तीन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा रोग उद्भवतो. मध्यम व उतार वयाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांत तो अधिक आढळतो. परंतु तरुण कुत्रीलाही होऊ शकतो. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

- कुत्री नेहमीपेक्षा खूप पाणी पिते व वारंवार लघवी करते.
- खाणे सोडते, ओकते, मलूल पडून राहते.
- योनीमार्गातून घाण वासाचा, पुवासारखा किंवा तांबूस-तपकिरी स्राव येतो.
- काही वेळा गर्भाशयाचे तोंड बंद असते. अशा वेळी स्राव मुळीच दिसत नाही, पण पोट वाढत जाते. हाच प्रकार अधिक घातक आहे, कारण घरातील मंडळींना कुत्री गाभण वाटते.

खोट्या गाभणपणातील कुत्री जेवण कमी करील, पण ती हिंडती-फिरती असते. तहान वाढली, ओकारी सुरू झाली, डोळे खोल गेले की ते खोटे गाभणपण समजू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. उद्याच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नये. या रोगावर गर्भाशय काढण्याची तातडीची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय आहे.

तसेच एखादा सड गरम, लाल, टणक झाला, हात लावू देत नसेल, दुधात रक्त किंवा पू दिसत असेल तर तो स्तनदाह होय. त्यालाही वेळेवर उपचार लागतात.

घरी काय करावे, काय करू नये?

गाय आटवताना आपण काय करतो ते आठवावे. धार काढणे थांबवितो, खुराक कमी करतो. येथेही तोच नियम आहे.

१) दूध पिळून काढू नये. सड चोळू नयेत, तेल लावू नये, गरम शेक देऊ नये. जितके काढाल तितके पुन्हा उतरेल.
२) कुत्री स्वतः सड चाटत असल्यास गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी किंवा जुने सुती बनियन अंगात घालावे.
३) बाळंतिणीचा म्हणून सुरू केलेला खुराक बंद करावा. नेहमीचा आहार काही दिवस थोडा कमी द्यावा. पाणी मात्र कधीही तोडू नये.
४) पोटाशी धरलेली वस्तू हिसकावून घेऊ नये, कुत्री चावू शकते. तिला फिरायला नेल्यावर घरातील दुसऱ्या माणसाने ती उचलून ठेवावी.
५) तिला कामात व चालण्यात गुंतवावे. मळ्याला रोज दोन फेऱ्या घडवाव्यात.

औषधोपचार

त्रास जास्त असेल, तीन आठवड्यांनंतरही दूध आटत नसेल किंवा कुत्री आक्रमक झाली असेल तरच औषध लागते. प्रोलॅक्टिन कमी करणारे कॅबरगोलिन हे औषध पशुवैद्यक वजनानुसार साधारण पाच ते सात दिवस देतात. हेच औषध खऱ्या गाभण कुत्रीचा गर्भपात करू शकते. म्हणून गर्भ नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देऊ नये.

घरातील माणसांसाठी आणलेल्या ओकारीच्या गोळ्या कुत्रीला देऊ नयेत. त्यांपैकी मेटोक्लोप्रामाइड हे औषध प्रोलॅक्टिन वाढविते व दूध अधिकच येते. माज थांबविण्यासाठी किंवा दूध आटविण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची इंजेक्शने देण्याचाही आग्रह धरू नये. त्यांनी तात्पुरता गुण दिसतो, परंतु औषधाचा अंमल उतरला की त्रास उलटतो आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रिया करावी का?

बीजांडकोश, व बहुधा त्यासोबत गर्भाशय, काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माज येत नाही. त्यामुळे पुढे खोटे गाभणपण येण्याचे मूळ कारणच उरत नाही. तथापि हा निर्णय परत फिरविता येत नाही. म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात.

लाभ : गर्भाशयातील पुवाचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. नको असलेली पिल्ले होत नाहीत. माजाच्या काळात वस्तीभोवती जमणारी कुत्र्यांची झुंड, त्यांची भांडणे, त्यातून होणारा चावा व पिसाळण्याचा धोका हे सर्व कमी होते. स्तनांच्या गाठींबाबत १९६९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका केवळ ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के व दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के आढळला. २०१२ साली अशा अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा हा पुरावा समजला जात होता तितका भक्कम नाही असे दिसून आले. म्हणून केवळ या एका कारणासाठी घाई करू नये.

तोटे : भूल व शस्त्रक्रियेचा थोडा धोका असतोच. पुढे वजन वाढते. काही कुत्र्यांत, विशेषतः मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत, झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो; त्यावर औषध आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांसारख्या मोठ्या जातींत फार लहान वयात शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे २०१३ नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. अशा जातींत वय एक वर्षाच्या पुढे जाऊ द्यावे.

“एकदा पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे हा त्रास जातो” असे सांगितले जाते. हे खरे नाही. पिल्ले झालेल्या कुत्रीतही पुढच्या माजानंतर खोटे गाभणपण येऊ शकते.

स्वतःला चार प्रश्न विचारावेत. या कुत्रीची पैदास मला खरोखर हवी आहे का? प्रत्येक पिल्लाला घर मिळेल का? वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे तिला बंदिस्त ठेवणे मला शक्य आहे का? तिला दर माजानंतर हा त्रास होतो का? तुमच्याकडे जातिवंत कारवानी असेल व वंश पुढे न्यायचा असेल तर शस्त्रक्रिया थांबवावी, नोंदी ठेवाव्यात व पैदाशीचा काळ संपल्यावर ती करून घ्यावी. एखाद्या वेळी सौम्य त्रास झाला एवढ्याच कारणाने शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही. परंतु पैदास नको असेल आणि त्रास वारंवार होत असेल, तर शस्त्रक्रिया करून घेणेच हिताचे.

केव्हा करावी?

सडात दूध असताना शस्त्रक्रिया करू नये. बहुतेकांची चूक येथेच होते. बीजांडकोश काढताच प्रोजेस्टेरॉन एकदम घटते, प्रोलॅक्टिन उसळते व खोटे गाभणपण लांबते. काही कुत्र्यांत ते कित्येक महिने रेंगाळते. आधी दूध पूर्ण आटू द्यावे, जरूर तर औषधाने आटवावे, आणि मग शस्त्रक्रिया करावी. माज सुरू असतानाही ती टाळावी, कारण तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. मागील माजानंतर साधारण तीन ते चार महिन्यांनी, सड कोरडे असताना येणारा काळ सर्वांत योग्य. गर्भाशयात पू झाला असेल तर मात्र हा नियम लागू नाही; तेथे शस्त्रक्रिया ताबडतोबच करावी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर

आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत वारंवार आढळतो. त्यात रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. रेबीजची लस आधीच टोचलेली असावी. उपाशी किती तास ठेवायचे ते पशुवैद्यकांना विचारून पाळावे.

शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस कुत्रीला स्वच्छ, कोरड्या जागी बांधून ठेवावे. उड्या मारू देऊ नयेत, जखम चाटू देऊ नये, आंघोळ घालू नये. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून रक्त आले किंवा कुत्री खाईनाशी झाली तर लगेच दाखवावे. जखम भरल्यावर आहार हळूहळू सुमारे एक चतुर्थांशाने कमी करावा व वजनावर लक्ष ठेवावे.

ही शस्त्रक्रिया मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय चिकित्सालयातही आधी चौकशी करावी.

शेतकरी बंधूंनो, गाईच्या माजाची तारीख आपण विसरत नाही, कारण त्यावर दुधाचा हिशोब असतो. कुत्रीच्या माजाची तारीखही त्याच दिनदर्शिकेवर लिहावी. सडात दूध दिसले की आधी ती तारीख पाहावी, मग कुत्रीची तहान व भूक पाहावी. ती हिंडती-फिरती असेल तर धीर धरावा, आजारी दिसत असेल तर क्षणाचाही विलंब करू नये. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र दूध आटल्यावर, शांतपणे घ्यावा.