मुरमाची पाणंद आणि सायकल : डोंगरउतारावरील फळबागांसाठी एक पाठ

फळबागेची जोपासना उत्तम झाली, छाटणी वेळेवर झाली, भुरी व केवडा यांपासून पीक वाचले, तरी बागेपासून पक्क्या सडकेपर्यंतची वाट खराब असेल तर वर्षभराच्या श्रमांचा काही भाग त्या वाटेवरच सांडतो. द्राक्षांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. खाचखळग्यांतून जाताना मणी घडापासून सुटतात, एकमेकांवर घासून त्यांच्यावरील नैसर्गिक पांढरी लव निघून जाते आणि बाजारात मालाची प्रत उतरते. म्हणून पाणंद हा शेतीचाच एक भाग समजला पाहिजे.

हर्सूलचा प्रदेश

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस असलेल्या हर्सूलवरून फुलंब्री, सिल्लोड व अजिंठ्याकडे जाणारी मोठी सडक जाते. तिच्यावर वाहनांची वर्दळ सतत असते. परंतु सडक सोडून हर्सूल तलावाच्या व जटवाड्याच्या बाजूस वळले की डोंगरांच्या रांगा, झुडपी रान आणि शिवाराच्या वाटा लागतात. खाम नदीचे पाणी याच उत्तरेकडील डोंगरांतून खाली येते.

या परिसराचा द्राक्षांशी संबंध जुना आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने जवळच्याच दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख केलेला आहे. अलीकडच्या काळात शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे व शेततळी यांच्या आधाराने द्राक्षशेती वाढविली. उताराची जमीन आणि बेताचा पाऊस असलेल्या गावांनाही फळबाग साधते, हे त्यावरून दिसून येते. मात्र उतार जितका अधिक, तितकी वाटेची काळजीही अधिक घ्यावी लागते.

वाट बिघडते कशी ?

दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन मुरूम तयार होतो. चांगल्या मुरमात खडे व बारीक चिकण अंश यांचे योग्य मिश्रण असते. खडे भार पेलतात व बारीक अंश त्यांना धरून ठेवतो. केवळ खडे असतील तर ते चाकाखाली घरंगळतात. मातीच अधिक असेल तर पावसात चिखल व उन्हाळ्यात धूळ होते.

वाटेचा खरा शत्रू पाणी होय. उतारावरील वाट भोवतालच्या शेतापेक्षा खोल गेली की ती ओढा बनते. पहिल्या वर्षी चाकोरीत बोटभर घळ पडते, दुसऱ्या वर्षी ती वीतभर होते आणि पुढे बैलगाडीही शेतातून न्यावी लागते. त्यातून बांध फुटतात व शेजाऱ्यांत तंटे उभे राहतात. वाहून गेलेली माती शेवटी तळ्यात व तलावात साचते, म्हणजे हानी एकट्या बागाईतदाराची राहत नाही.

दुरुस्तीची पद्धत

१. वाटेचा मध्यभाग उंच ठेवावा. ३ मीटर रुंदीच्या वाटेत मध्य हा कडांपेक्षा सुमारे ६ सेंटीमीटर उंच असल्यास पाणी दोन्ही बाजूंस उतरते.

२. दोन्ही कडांना चर खोदावी. उतार तीव्र असेल तेथे चरीत दगड बसवावेत व कडेस गवत लावावे.

३. लांब उतारावर ठिकठिकाणी वाटेला तिरपी, उथळ व रुंद दगडी चर काढून पाणी बाजूस सोडावे. ते शेजाऱ्याच्या पिकात न जाता ओहोळात किंवा गवताच्या पट्ट्यात जाईल असे पाहावे.

४. काळ्या जमिनीवर मुरूम एकदम जाड टाकू नये. ती जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. प्रथम वाटेतील पाण्याचा निचरा साधावा, नंतर पातळ थर देऊन प्रत्येक थरावर पाणी मारावे व तो दाबावा.

५. लहान खड्डा दिसताच बुजवावा. खड्ड्यातील चिखल काढून, कडा उभ्या कापून मगच मुरूम भरावा.

खर्चाचा अंदाज आधी काढणे इष्ट होय. ५०० मीटर लांब व ३ मीटर रुंद वाटेवर १५ सेंटीमीटर जाडीचा दाबलेला थर द्यावयाचा असल्यास २२५ घनमीटर मुरूम बसतो. दाबल्यावर मुरूम खचतो, म्हणून चौथा हिस्सा अधिक धरल्यास सुमारे २८० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १०० ब्रास सुटा मुरूम लागेल. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो काढण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी.

सायकलची कसोटी

वाट चांगली की वाईट, हे ठरविण्यास सायकलसारखे स्वस्त साधन नाही. ट्रॅक्टर खड्ड्यातूनही निघून जातो. सायकलस्वारास मात्र प्रत्येक सैल खडा व प्रत्येक घळ हाताला जाणवते. पहिल्या चांगल्या पावसानंतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने शेतकऱ्यांसह संपूर्ण वाट सायकलवरून पाहावी. जेथे उतरावे लागेल तेथे चुन्याची खूण करावी. त्या खुणा म्हणजेच दुरुस्तीची यादी होय.

१९५२ साली समूह विकास योजना सुरू झाल्यानंतर ग्रामसेवक गावोगाव सायकलवरूनच फिरत. त्या साध्या सायकलीचा २८ इंची टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असे. आज परदेशांत द्राक्षमळे व जंगले यांतील खडीच्या निवांत वाटांवर फिरण्यासाठी ज्या खास सायकली बनतात, त्यांचे टायरही साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे असतात. म्हणजे मुरमासाठी योग्य असे वाहन खेड्यात पूर्वीपासूनच आहे. सैल मुरमावर टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवावी, ओझे खाली व घट्ट बांधावे, उतारावर दोन्ही ब्रेक हळुवार लावावेत आणि वळणावर घंटी वाजवावी.

रहदारी कमी, लाभ अधिक

वेगाने जाणाऱ्या मोटारींमुळे मुरमावर आडव्या लाटा पडतात व धूळ उडते. ही धूळ वेलीच्या पानांवर बसली की लाल कोळीचा उपद्रव वाढण्यास मदत होते. म्हणून बागांलगतच्या पाणंदीवरून अनावश्यक मोटारी न्याव्या लागू नयेत, वाट ओली असताना जड ट्रॉल्या थांबवाव्यात आणि इतर वेळी वेग कमी ठेवावा, असा ठराव ग्रामसभेने करावा. अशा निवांत वाटेवरून मुले शाळेस व दूधवाले डेअरीस निर्धास्तपणे जाऊ शकतात.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले. बाग पाहण्यास सायकलवर येणारे शहरवासी हेही काही कुटुंबांना उत्पन्नाचे साधन होऊ शकतात. त्यांना नियम आधीच समजावून द्यावेत : बांधावरून सायकल नेऊ नये, फवारणी झालेल्या बागेत शिरू नये, विचारल्याशिवाय घड तोडू नये, वनात परवानगीवाचून जाऊ नये व तेथे विस्तव पेटवू नये. चाकांचा चिखल बागेबाहेरच झाडावा, कारण त्यातून गाजर गवताचे बी एका शिवारातून दुसऱ्यात जाते.

वाटेचा तंटा

अनेक ठिकाणी पाणंद खराब नसते, तर नांगरून अरुंद झालेली असते. प्रथम गावातच सामोपचाराने मोजणी करून घ्यावी. बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. चालू वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शेतरस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही जाहीर झालेली आहे. तिची माहिती ग्रामपंचायतीत घ्यावी.

वाट एका दिवसात बिघडत नाही व एका दिवसात सुधारतही नाही. मृगापूर्वी एक दिवस चरी साफ करण्यास, पहिल्या पावसानंतर एक दिवस खुणा करण्यास आणि सुगीपूर्वी एक दिवस खड्डे बुजविण्यास, असे वर्षातील तीन दिवस प्रत्येक घरातून एका माणसाने दिले, तर पाणंद टिकते. बागेतून निघालेला घड जसा तोडला तसाच पेठेत पोहोचला, की त्या तीन दिवसांचे मोल वसूल झाले असे समजावे.