काम संपत नाही, ड्यूटी संपते

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘रविवारभर झोपून काढला तरी सोमवारी अंगात जीव नसतो. क्लायंटचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो. बरोबरचे सगळे करतातच ना मावशी, मीच कमी पडते.’ तेवढ्यात तुझा दुसरा फोन वाजला आणि आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तुझं ते शेवटचं वाक्य मला पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

दमणं आणि आतून आटून जाणं यांत फरक आहे. दमलेल्या माणसाला दोन रात्रींची झोप आणि गरम जेवण पुरतं. तू सांगतेस ते तसं दिसत नाही. याला बर्नआउट म्हणतात हे तुला माहीत आहेच, तुमच्या टॅक्सच्या ऑफिसात तो शब्द सर्दीसारखा वापरतात. पण तो आला कुठून ते ऐक. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ होते. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी व्यसनाधीन तरुणांसाठीच्या मोफत दवाखान्यात सेवा, असा त्यांचा क्रम. १९७४ साली त्यांनी या अवस्थेवर लेख लिहिला, तो तिथल्या कार्यकर्त्यांना बघून आणि स्वतःवरूनही. त्यांचं निरीक्षण असं, की झोकून देऊन काम करणारे यात आधी सापडतात. कामचुकार माणूस जळत नाही, तो आधीच लांब उभा असतो. तेव्हा ‘मीच कमी पडते’ हे डोक्यातून काढ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तिटकारा किंवा तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. तिसरी खूण पुन्हा वाच. ‘मी कमी पडते’ हे तुझ्याबद्दलचं सत्य नाही, त्या अवस्थेचंच एक लक्षण आहे.

दुसरी खूण मी नर्स म्हणून काम करताना वॉर्डात जवळून पाहिली. माझ्याबरोबर एक सिस्टर होती. नवा पेशंट आला की गाव कुठलं, घरी कोण, जेवलास का, हे विचारल्याशिवाय ती सलाईनला हात लावायची नाही. एका पावसाळ्यात तापाची साथ आली. खाटा भरल्या, जमिनीवर गाद्या पडल्या आणि हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. इंजेक्शन वेळेवर, चार्ट भरलेला, चूक एक नाही. पण नातेवाइकाने काही विचारलं की मान वर न करता ‘डॉक्टरांना विचारा’. लोक म्हणू लागले, सिस्टरला माज आलाय. आमच्या मेट्रनबाई जुन्या मुरलेल्या. त्यांनी तिला भाषण दिलं नाही, ध्यानधारणा सांगितली नाही, काही महिन्यांसाठी ओपीडीत बदली दिली. तिथे ती पुन्हा माणसांशी बोलायला लागली. बाई तीच होती, काम बदललं होतं.

बर्कलीच्या क्रिस्टिना मॅसलॅक यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. माणूस आणि काम यांचं कुठे बिनसतं, हे त्यांनी मायकेल लायटर यांच्या साथीने सहा ठिकाणी शोधलं: कामाचा बोजा, आपल्या हातातले निर्णय, मोबदला आणि कदर, सहकारी, न्याय, आणि मूल्यं. तू कागद घे आणि या सहांपुढे खरं ते लिही. माझा अंदाज असा, की तुझं दुखणं नुसत्या तासांचं नाही. न पटलेल्या कागदावर ‘सर म्हणतात म्हणून’ पुढे जावं लागतं, ते जास्त सलतं. तसं असेल तर आठ दिवस गोव्याला जाऊन ते जाणार नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. वॉर्डातलं काम कधी संपत नाही. सकाळी आठला रात्रपाळीची सिस्टर ‘ओव्हर’ देते: चार नंबरचा ताप उतरला, सातचं रक्त पाठवलंय, अकराच्या लघवीवर लक्ष ठेवा. खाटेखाटेपाशी उभं राहून सांगायचं, वहीत लिहायचं, सही करायची आणि घरी जायचं. पेशंट बरा झालेला नसतो, कधी तर जास्त झालेला असतो. तरी ड्यूटी संपते आणि तिला कुणी कामचोर म्हणत नाही. आमच्याकडे सगळं आलबेल होतं असं नाही. माणसं कमी, बदली सिस्टर आली नाही की डबल ड्यूटी, सगळं होतं. पण डबल ड्यूटीला आम्ही डबल ड्यूटी म्हणत होतो, निष्ठा नव्हे.

तुझ्या कामात ओव्हरच नाही. ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीआर-वन, २०ला थ्री-बी, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, आणि मुदतवाढ मिळणार का म्हणून ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा. मुदतवाढ मिळाली तर सुटका नाही, तोच ताण पुढच्या महिन्यात. एक तारीख गेली की दुसरी दारात उभी. मग सगळं आटोपल्यावर विश्रांती घेईन, हा बेत जमायचा कसा? आटोपणारच नाही ते. विश्रांती कामाच्या शेवटी नसते, मध्येच घ्यायची असते.

ही रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत माणसं राबत होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० च्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. खंडोबाचा वार म्हणूनही कामगारांना तोच हवा होता. पुढे १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा आला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी जे मिळवलं, ते आपली शिकलेली पोरं ‘संडेला थोडंसं बघून ठेवते’ म्हणून परत देतात.

वरून मोठी माणसं आहेतच. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची ९० तासांची भाषा गाजली. कंपनी ज्याची, त्याने रात्रंदिवस राबावं, तो त्याचा प्रश्न. पण पगारी माणसाला ते देशकार्य म्हणून का सांगावं? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. सत्तर तासांच्या भाषणात हे आकडे येत नाहीत.

पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून भागणार नाही. हे खूळ आपल्या घरातही आहे. तुझी आई दुपारी पाच मिनिटं आडवी झाली आणि दाराची कडी वाजली तर काय करते? उठते, पदर सारखा करते आणि समोरची मेथीची जुडी पुढे ओढते. आलेली असते शेजारीण. तिच्यापासूनसुद्धा लपवायचं, की मी पडले होते. बाईमाणूस रिकामं दिसता कामा नये, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलंय. लग्नात कुणी विचारलं, कसं काय, तर ‘मरायला फुरसत नाही’ हे आपण दुःखाने नाही, मिरवत सांगतो. पुढच्या वेळी तुला कुणी विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच सांगून बघ. जीभ अडखळेल, पण सवय होईल.

आता करायचं काय ते सांगते. पहिलं म्हणजे डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासून घे, यांच्या कमीजास्तीनेही माणूस असाच गळतो. आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप उडाली असेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर तो बर्नआउट नाही, नैराश्य असू शकतं. त्यावर औषध आहे. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना भेटायला लाजू नकोस. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो. फोन केला म्हणून कुणी वेडं ठरवत नाही.

दुसरं, तीन आठवडे कामाचे तास लिहून ठेव, घरून केलेलेसुद्धा. मग तो कागद घेऊन सरांकडे जा. ‘मला झेपत नाही’ म्हणू नकोस. ‘हे पाच क्लायंट आहेत, हे तास आहेत, यातले दोन कुणाकडे देऊ?’ असं विचार. जमलं तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही घेऊन जा. एकटीचं ते रडगाणं ठरतं, दोघींची ती तक्रार होते.

तिसरं, रोज संध्याकाळी ओव्हर लिही. काय झालं, काय राहिलं, उद्या आधी काय, एवढ्या तीन ओळी. तुझ्याकडून ओव्हर घ्यायला कुणी नसेल तर उद्या सकाळची तूच घेशील. लिहिलं की लॅपटॉप बंद.

चौथं, राजीनामा. या महिन्यात देऊ नकोस, थकलेल्या मनाने मोठे निर्णय घेऊ नयेत. पण तो पर्याय पाप म्हणून बाजूलाही ठेवू नकोस. सरांनी कागद बघून हसण्यावारी नेलं तर तुझं उत्तर तुला मिळालं. घराचा हप्ता, हातातली शिल्लक, किती महिने निघतील, हा ताळेबंद मांड. तुला तो कुणी शिकवायला नको. उत्तर सहा महिन्यांचं आलं तर घाबरायचं कारण नाही, दोन महिन्यांचं आलं तर आत्तापासून बाजूला टाकायला लाग.

ताईशी मी बोलते. ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’ म्हणेल ती. म्हणू दे. तिला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. तू डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घे आणि रिपोर्ट आले की मला पाठव, ते मात्र मला वाचता येतात.

तुझी
मावशी