नाईकांचा वाडा आणि आमचं नागाव

आज रात्री मेसवरून आल्यावर एक प्रयोग करा. मोबाइलवर मराठी विकिपीडिया उघडा आणि एखाद्या गाजलेल्या मालिकेचं नाव टाका. कलाकारांची यादी, एक तासाचे 'विशेष भाग' कोणत्या तारखांना लागले, इतर भाषांत तीच मालिका कोणत्या नावाने निघाली, आणि काही लेखांत तर आठवड्यागणिक टीआरपीचा तक्ता! आपण जर्नलमधलं ऑब्झर्वेशन टेबलसुद्धा इतकं मन लावून भरत नाही.

आता एखाद्या खेड्याचं नाव टाका. हजारो गावांना साचा एकच: 'हवामान', 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे', 'नागरी सुविधा'. बऱ्याच ठिकाणी मथळ्याखाली काहीच नाही.

मी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या नागावचा. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली. तेव्हापासून त्या मालिकेतल्या नाईकांच्या घरातली भांडणं आमच्या आळीतल्या सगळ्यांना पाठ. शूटिंग झालेला सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा बघायला लोक गाड्या करून जातात. त्यात वाईट काही नाही, मीही मालिका बघितली आहे. पण कल्पनेतल्या घराची नोंद पूर्ण आणि खऱ्या गावाची रिकामी, असं का होतं?

पहिलं कारण, जागेला मर्यादा नाही. केतकरांना ज्ञानकोश २३ खंडांत बसवायचा होता. ते स्वतः कादंबरीकार होते, तरी कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला पान देणं त्यांना परवडलं नसतं. वेबसाइटला कागद लागत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मालिकेवर लिहायला टीव्हीसमोर बसलं की झालं, साहित्य आपोआप समोर येतं. गावावर लिहायचं तर जनगणना, गॅझेटियर, शिलालेखांचं पुस्तक शोधावं लागतं. रूममेटला मी म्हटलं, "नागावचा लेख मी लिहितो." तो म्हणाला, "संदर्भ काय देणार, आजी?" चिडलो, पण मुद्दा बरोबर होता.

हे फक्त मराठीतच होतं असं नाही. इंग्रजी विकिपीडियावर एके काळी पोकेमॉनच्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र लेख होता! पुढे वाद झाले आणि त्यातले बहुतेक लेख याद्यांमध्ये विलीन केले गेले. स्टार ट्रेकवाल्यांनी तर २००३ सालीच स्वतःचा वेगळा कोश काढला. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी दोन गोष्टी ठरवल्या, त्या आपल्याला रिपोर्ट लिहितानाही उपयोगी पडतील. चित्रपटाचं कथानक साधारण ४०० ते ७०० शब्दांत आटपायचं. आणि कथेच्या आत बसून लिहायचं नाही, बाहेर उभं राहून लिहायचं. म्हणजे 'अमक्याचा जन्म तमक्या गावी झाला' असं नाही, तर 'लेखकाने या पात्राचा जन्म अमुक गावी दाखवला आहे, भूमिका अमक्याने केली, समीक्षक असं म्हणाले'. ही चाळणी लावली की मालिकांचे निम्मे लेख गळून पडतील.

आणि तीच चाळणी नागावला लावली तर? आमच्या गावात शके १२८९ चा, म्हणजे इ.स. १३६७ चा मराठी शिलालेख आहे. त्यात हंबीरराव राजाचं नाव आहे, आणि गंमत म्हणजे काळ हिजरी आणि शक अशा दोन्ही गणनांत दिला आहे. शेजारच्या आक्षीचा लेख त्याहून जुना. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. काही अभ्यासक तो काळ मानत नाहीत, नंतरचा धरतात. हा मतभेदसुद्धा लेखात यायला हवा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत ज्याची गणना होते, तो दगड कित्येक वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर होता. लहानपणी तिथून सायकलने जाताना तो काय आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' लायब्ररीत मिळालं नाही, मागवायला सांगितलंय. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर नेटवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत आधी नागाव आणि आक्षी करणार. ज्यांची गावं रोहा, मुरूड, पेणकडे आहेत त्यांनी रविवारी रूम नंबर १४ मध्ये यावं. टीआरपी सोडून काहीही घेऊन या.