स्पेसर विकू नका, खात्री विका: स्पोर्ट्स कारच्या कंपनी व्हील्सवर व्हील स्पेसर बसवण्याचं काम



कार ॲक्सेसरीज किंवा अलॉय व्हील्सचा व्यवसाय सुरू करायचा आहे, असं सांगणारे बरेच जण मला भेटतात. त्यांच्यासाठी आज एक छोटं पण जबाबदारीचं काम शिकूया. व्हिडिओत तुम्ही हातांची कृती बघितली असेल, इथे त्यामागचं गणित आणि व्यवहार बघू.

आधी एक प्रसंग. माझ्या एका बॅचमधल्या मुलाने नवं गॅरेज टाकलं. महिन्याभरात त्याच्याकडे फोर्ड मस्टँग जीटी आली. ही गाडी भारतात २०१६ पासून रस्त्यावर आहे. मालक म्हणाला, "चाकं फार आत दिसतात, जरा बाहेर काढ. संध्याकाळी कार्यक्रमाला जायचंय." पोराने ८ मिमीचे स्पेसर घातले, मूळ नट एअर गनने आवळले, हजार रुपये घेतले. रात्री फोन आला: "शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतंय." नशीब की मालकाने गाडी तिथेच थांबवली. सकाळी चाक काढलं तेव्हा दोन नट हाताने फिरत होते.

चूक कुठे झाली? चला, मोजून बघू.

आट्यांचं गणित

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची चकती. चाक तेवढं बाहेर येतं. पण स्टडची लांबी तीच राहते! म्हणजे चकतीची जाडी थेट नटाच्या आट्यांमधून वजा होते.

मस्टँगचे स्टड एम १४ × १.५ मापाचे आहेत. म्हणजे व्यास १४ मिमी, आणि नट एक फेरा फिरला की १.५ मिमी पुढे सरकतो. ढोबळ नियम असा की स्टडचा जेवढा व्यास, निदान तेवढी लांबी नटात गुंतलेली हवी. १४ भागिले १.५ म्हणजे साधारण साडेनऊ फेरे. त्या पोराच्या गाडीवर स्पेसर नसताना ११ फेरे मिळत होते. ८ मिमीच्या चकतीने त्यातले पाचहून जास्त खाल्ले. उरले साडेपाच. एवढ्या आट्यांवर दीड टनाहून जड गाडी धावत होती.

म्हणून पहिला नियम वहीत लिहा: फेरे मोजल्याशिवाय स्पेसर नाही. नट हाताने लावा, मोठ्याने मोजा, जॉब कार्डवर आकडा लिहा. फेरे कमी पडले तर दोनच मार्ग. एक, हबमधले स्टड काढून लांब स्टड बसवणे. दुसरा, ज्या स्पेसरला स्वतःचे स्टड असतात तो वापरणे. हा जाड असतो, साधारण २० मिमीच्या पुढे.

पोर्शे ९११ सारख्या गाडीत स्टड-नट नसतात, बोल्ट असतात. तिथे स्पेसर जितका जाड, तितके बोल्ट जास्त लांब घ्यायचे. शिवाय पोर्शेच्या बोल्टचं डोकं जिथे टेकतं ती बैठक गोलाकार असते, मस्टँगच्या नटाची शंकूसारखी. गोल बैठकीत शंकूचा बोल्ट घातला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो आणि सैल होतो. दुकानदाराने "सगळ्याला चालतं" म्हटलं की तिथून काढता पाय घ्या.

ऑर्डर देण्याआधी चार मापं

१. पीसीडी आणि मधलं भोक. मस्टँगची पीसीडी ५ × ११४.३ आणि मधलं भोक ७०.५ मिमी. पोर्शे ९११ ची ५ × १३० आणि ७१.६ मिमी. कंपनीचं चाक हबच्या मधल्या ओठावर नेमकं बसतं, त्यामुळे ते केंद्रात राहतं. स्पेसरने हा ओठ झाकला गेला तर स्पेसरला स्वतःचा तसाच ओठ हवा. तो नसेल तर चाक केंद्रात राहण्याची खात्री नाही आणि गाडी थरथरते.

२. फेंडरची जागा. यासाठी महागडं यंत्र नको. गवंड्याचा ओळंबा फेंडरच्या कडेवरून सोडा आणि दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर मोजा. समजा १८ मिमी आलं, तर १२ च्या पुढे जाऊ नका. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी मोजा. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

३. ऑफसेट. ४५ ऑफसेटच्या चाकाला १५ मिमी स्पेसर लावला की ते ३० ऑफसेटसारखं वागतं. दोन्ही बाजू मिळून चाकांमधलं अंतर ३० मिमी वाढतं. बेअरिंगवर ताण वाढतो, खराब रस्त्यावर स्टिअरिंगला झटके जाणवतात. हे ग्राहकाला आधी सांगा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

४. चाकाची मागची बाजू. स्वतःचे स्टड असलेला स्पेसर लावला की हबच्या मूळ स्टडची टोकं त्यातून बाहेर डोकावतात. कंपनीच्या बऱ्याच चाकांना मागे खोलगट खाचा असतात, त्यात ती सामावतात. पण चाक उलटं करून स्वतः मोजा. टोक टेकत असेल तर चाक स्पेसरवर सपाट बसणारच नाही.

बसवताना

गाडी जॅकवर नाही, जॅक स्टँडवर. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाची एक पापडीही चाक तिरकं बसवायला पुरते. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस असलं की तेवढ्याच टॉर्कमध्ये स्टड जास्त ताणला जातो.

नट हाताने लावा, मग एकाआड एक, चांदणीच्या आकारात आवळा. एअर गन खोलायला ठीक आहे, शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच. मस्टँगला २०४ न्यूटन मीटर, अलीकडच्या ९११ ला १६०. आधी निम्म्यावर एक फेरी, मग पूर्ण. इतर कुठल्याही गाडीसाठी तिच्या मॅन्युअलमधला आकडा बघा, अंदाज नको.

साधारण १०० किमी चालल्यावर गाडी परत बोलवा आणि सगळे नट पुन्हा तपासा. स्वतःचे स्टड असलेला स्पेसर असेल तर चाक काढून आतले नटही तपासायचे. ही दुसरी भेट म्हणजे उपकार नाही, कामाचाच भाग आहे.

आता पैशाचं बोलू

पोराने हजार रुपये का घेतले? "बाजूचा तेवढेच घेतो" म्हणून. हिशोब करा. मोजणी, स्टड बदलणे, फिटिंग, टेस्ट ड्राइव्ह मिळून साडेतीन तास धरा, दुसऱ्या भेटीचा अर्धा तास. झाले चार. तुमच्या गॅरेजचा तासाचा खर्च समजा ६०० रुपये असेल तर २,४०० रुपये नुसता खर्च. त्यावर नफा, आणि माल वेगळा. हजारात हे काम घेतलं की मोजणी आणि दुसरी भेट यांनाच कात्री लागते. म्हणजे स्वस्त दर हाच अपघाताचा पहिला नट सैल करतो.

नाही म्हणायला शिका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून कामाआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचं उत्तर आणायला ग्राहकाला सांगा. त्याची प्रत फाइलला लावा. टायर फेंडरबाहेर जात असेल, फेरे कमी असतील, किंवा ग्राहक "आजच पाहिजे" म्हणून मोजणी टाळायला सांगत असेल, तर गाडी परत पाठवा. त्या दिवशी गिऱ्हाईक जाईल, पण तुमचं नाव राहील.

त्या पोराचं पुढे काय झालं? त्याने पैसे परत केले, चूक कबूल केली, लांब स्टड मागवून काम नव्याने केलं. आज त्याच्या भिंतीवर एक पाटी आहे: "आधी फेरे मोजू, मग बोलू." तो मालक अजून त्याच्याकडेच येतो.

तुमचा गृहपाठ: तुमच्या व्यवसायातले "आटे" कोणते, म्हणजे ग्राहकाला दिसत नाही पण सगळं ज्यावर टिकून आहे असं माप कोणतं? ते एका ओळीत लिहा आणि तुमच्या जॉब कार्डवर त्यासाठी एक रकाना आजच आखा.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत मोजा, लिहा, मगच आवळा!