कुस्तीच्या दिवसाचा डबा

पहाटेची लोकल धरून वांगणीहून कल्याणला कुस्तीस्पर्धेसाठी निघालेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. आपल्या वजनगटात बसावे म्हणून तो रात्री जेवलेला नाही. सकाळी वजन झाल्याबरोबर तो दोन वडापाव खातो आणि वर पेलाभर दूध पितो. तासाभरात त्याच्या नावाचा पुकारा होतो. पहिल्याच मिनिटाला पोट जड होते, मळमळू लागते आणि कुस्ती हातची जाते. वर्षभराची मेहनत एका न्याहारीने वाया गेली! वडापाव आणि दूध हे काही विष नव्हे. मग चुकले काय? चुकली ती वेळ. कशी, ते पाहू या.

एक सोपा हिशेब

समजा, प्रतिस्पर्धी ४५ किलोंचा आहे आणि तुम्ही त्याला १ मीटर उंच उचलले. कार्य झाले ४५ × ९.८ × १ = ४४१ ज्यूल. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता सुमारे २० टक्के धरली, तर शरीराला खर्चावे लागतील सुमारे २,२०० ज्यूल, म्हणजे जेमतेम अर्धा किलोकॅलरी. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका केळ्यात जवळजवळ १९० वेळा उचलण्याइतकी ऊर्जा झाली!

मग मल्ल दोन मिनिटांत धापा का टाकतो? याची कारणे दोन. पहिले असे, की कुस्तीत उचलण्यापेक्षा धरून ठेवणे अधिक. पकड हलली नाही, तर विस्थापन शून्य आणि म्हणून कार्यही शून्य, असे आपले पुस्तक सांगते. पण स्नायूंचे तंतू त्या वेळीही ताणलेले असतात आणि इंधन जाळतच असतात. दुसरे कारण असे, की प्रश्न एकूण ऊर्जेचा नसून ती किती वेगाने मिळते याचा, म्हणजेच शक्तीचा आहे. चुलीतला ओंडका तासन्‌तास जळतो, पण पाणी झटपट उकळायचे तर काटक्याच हव्यात. शरीरातील चरबी हा ओंडका. काटक्या म्हणजे ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय पदार्थांपासून बनलेला साखरेचा साठा. प्रौढ माणसाच्या स्नायूंत तो सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. रात्रभरच्या उपासाने यकृतातला साठा बराच संपतो. सकाळची न्याहारी तो भरून काढते.

तळलेले आणि तुपातले पदार्थ जठरातून फार सावकाश पुढे सरकतात. कुस्ती सुरू झाली, की रक्त स्नायूंकडे धावते आणि पचन रेंगाळते. बदामाची थंडाई, तूप, मटण हा पहिलवानांचा खुराक मेहनतीच्या महिन्यांसाठी उत्तम आहे. पण कुस्तीच्या दिवशी, दोन कुस्त्यांच्या मध्ये तो नको.

उपाशी राहून वजन उतरवणे

१ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. एका रात्रीत ती जळणे शक्य नाही. रातोरात उतरते ते पाणी. पाणी कमी झाले, की रक्ताचे आकारमान घटते, हृदयावर ताण येतो आणि शरीर तापते. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महाविद्यालयीन तीन मल्ल अशा रीतीने वजन उतरवताना मरण पावले. हवा न जाणारे कपडे घालून ते उष्ण जागेत व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. तुमचे तर वाढीचे वय आहे. वजन बसत नसेल, तर वरच्या गटात लढा. त्यात कमीपणा नाही.

घड्याळाप्रमाणे डबा

*वजन झाल्यावर, कुस्तीला तास-दीड तास असताना:* एक केळे आणि दोन-तीन खजूर, किंवा दोन इडल्या. शरीराच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम पिष्ट एवढे प्रमाण पुरे.

*पुढच्या कुस्तीला दोन-तीन तास असतील तर:* तांदळाची भाकरी किंवा पोळी, गूळ, उकडलेला बटाटा.

*अर्धा-पाऊण तासच असेल तर:* अर्धे केळे आणि सरबताचे चार घोट. एवढेच!

*शेवटची कुस्ती संपल्यावर:* आता प्रथिने हवीत. चणे-शेंगदाणे, उकडलेली अंडी, दूध. आता थंडाईही चालेल.

सरबत घरीच करा. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दहा सपाट चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घाला. १ लिटर घाम त्वचेवर वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी ओघळतो. पाणी जाते आणि अंग मात्र थंड होत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहा.

आणखी एक गोष्ट. गरम भात डब्यात कोंबून झाकण लावू नका. कोंदट उबेत जंतू झपाट्याने वाढतात. इडली, भाकरी गार करूनच भरा आणि दुपारच्या आत संपवा. खजूर, गूळ, चणे मात्र दिवसभर टिकतात.

मधल्या वेळेचे मोल

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोव्हशी लढावे लागले, असे सांगतात. त्यांची बाजू मांडायला तेथे भारतीय अधिकारी हजर नव्हता. दोन कुस्त्यांमधला अर्धा तास किती मोलाचा असतो, हे यावरून कळेल. तुम्हांला तो वेळ मिळाला, तर तो चुकीच्या खाण्यात घालवू नका.

करून पाहा

सरावापूर्वी आणि सरावानंतर अंग पुसून वजन करा. प्यालेले पाणी हिशेबात धरा. वजनातील दर १ किलो घट म्हणजे सुमारे १ लिटर घाम. कोरड्या आणि दमट दिवसांची तुलना करून वहीत तक्ता करा आणि तो शिक्षकांना दाखवा. शिक्षकांनी हा तक्ता वर्गात घेतल्यास कार्य, शक्ती आणि अप्रकट उष्मा हे तीनही पाठ आखाड्यातच शिकवता येतील. आणि नवा पदार्थ स्पर्धेच्या दिवशी प्रथमच खाऊ नका. आधी सरावाच्या दिवशी खाऊन पाहा.