बीएस्सी केमिस्ट्रीनंतर काय? पटणचेरूचं पाणी बघा

नीटमध्ये नंबर लागला नाही आणि मुलगी बीएस्सी केमिस्ट्री करते म्हणाली, की बीदर जिल्ह्यातल्या संतपूर-औरादकडच्या घरांत काळजी सुरू होते. मास्तरकीशिवाय पुढे आहे काय? आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसं नाही.

हैदराबादच्या वाटेवर पटणचेरू लागतं. तिथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, असं स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये छापलं. यात नवल नाही. प्रक्रियेच्या टाकीत घाण खाणारे जंतू असतात आणि हे तर जंतू मारायचंच औषध!

अशी रसायनं उजेडाच्या जोरावर तोडणारी पूड म्हणजे फोटोकॅटॅलिस्ट. सगळ्यांत जुनी ओळखीची टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्या रंगाच्या डब्यातली. पण तिला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. बीदरचा मे महिनासुद्धा बव्हंशी फुकट जातो. शिवाय उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन काम करण्याआधीच माघारी जागेवर बसतो. म्हणून कुणी तिच्यात नायट्रोजन घालतं, कुणी दुसऱ्या अर्धवाहकाची जोड देतं. संशोधन ते हेच.

प्रयोग दिसायला सोपा. मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात पूड टाकायची, अर्धा तास अंधारात ढवळायची, मग दिवा लावायचा. अंधाराची पायरी गाळली तर पुडीने नुसता शोषून घेतलेला रंगही ‘नष्ट झाला’ म्हणून खपतो. आणि रंग उडाला म्हणजे विष गेलं असंही नाही. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. माझ्या मते या क्षेत्रातले निम्मे दावे इथेच तपासावेत.

आता पैशाचं. फोटोकॅटॅलिस्ट बनवणारा म्हणून थेट नोकऱ्या फार थोड्या. सांडपाण्यासाठी कारखाने अजून जैविक टाक्या, आरओ आणि बाष्पीभवनच वापरतात. नोकरी मिळते ती हाताला लागलेल्या कामावर: एचपीएलसी, एक्सआरडी ही तपासणीची यंत्रं चालवणं, ईटीपीची म्हणजे सांडपाणी-प्रक्रिया केंद्राची देखरेख. कोळहार, जहीराबाद, पटणचेरूचे कारखाने ही या कामाची गिऱ्हाइकं घराजवळच आहेत. संशोधनच करायचं तर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, मग नेट परीक्षा. त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. घरभाडं वेगळं.

कागदपत्रं मात्र आत्ताच बघा. संविधानाच्या कलम ३७१(जे) चा दाखला असेल तर कल्याण कर्नाटकातल्या संस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना असतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगकडे वळायचं असेल तर आपलं गाव ८६५ सीमागावांच्या यादीत आहे का ते तपासा. मातृभाषा मराठी असल्याचा पुरावाही लागतो. आणि पीएचडीला गाइड गाठताना फी नंतर विचारा, आधी विचारा: तुमच्याकडे कार्बन मोजायचं यंत्र चालू आहे का?